कंट्रोल प्लेट

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळते तेव्हा
बसमधून उतरणारा आधी शिंकतो,
मग गाव ओळखतो.
आम्ही शिंकत नव्हतो. चिमटा आणि निर्जंतुक पिशव्या घेऊन
लाल ढिगांत उकिडव्या बसायचो,
मी आणि रोशनी वळवी,
टीवायच्या दोन पोरी, एका प्रकल्पाच्या.
देठं खुडणाऱ्या बाया विचारायच्या,
काय शोधी ऱ्हायन्यात वं पोरीस्वन?
बुरशी, मावशी.
आवं, ती ते फुकट भेटस!

प्रश्न गिरासे मॅडमचा होता.
त्यांनाही तो त्यांच्या मॅडमकडून आला असावा,
थोरलीचा ड्रेस धाकटीला येतो तसा
कमरेत टाचून आमच्यापर्यंत:
किती ओलाव्याला मिरची आतून काळी पडते?
आठ आठवडे. साडेसात हजार, दोघींत मिळून.
शेवटी पोस्टर, प्रमाणपत्र, समोसा.

भटूनानांनी ऑटोक्लेव्ह लावायला शिकवला.
कुकरच आहे म्हणे, फक्त डाळ मागू नका.
लाइट गेली की रोशनी इन्क्युबेटरवर
अक्कलकुव्याहून आणलेली गोधडी टाकायची
आणि स्वतः स्वेटरवर रात्र काढायची.

बारा प्लेटा मिरचीच्या. तेरावी कंट्रोल.
तिच्यात काही टाकायचं नाही.
तिनं कोरं राहायचं,
तरच बाकीच्या बारा जणींचं खरं धरतात.
सहाव्या आठवड्यात तेरावीवर
अंगठ्याच्या ठशाएवढं हिरवं उगवलं.
अहवालात लिहिलं, प्रयोग पुन्हा केला.
केलाही. पण ते हिरवं आलं कुठून,
हे विचारायला आठ आठवड्यांत
एकही सोमवार उरला नव्हता.

मार्चमध्ये हैदराबादला मुलाखत.
टेबलापलीकडे पाच जण, मध्ये पाण्याचा जग.
पोस्टर मला तोंडपाठ,
डोकं मराठीत, जीभ इंग्रजीत, घाम अहिराणीत.
चष्मा पुसत एक बाई म्हणाल्या,
हे तुमच्या मॅडमचं झालं.
तुमचा प्रश्न कोणता?
मी जगाकडे बघत राहिले. पाण्याच्या.
मग तेरावी प्लेट सांगितली,
सांगताना कळत गेलं की आपण अजून तिथंच उभ्या आहोत,
झाकण हातात धरून.
कुणी मान हलवली नाही.
कुणी थांबवलंही नाही.

रोशनीलाही बोलावणं आलं होतं, माझ्या आधी.
ती गेली नाही.
पाच वर्षं एका बुरशीला? मला पगार पाहिजे, म्हणाली,
आणि गिअरची गाडी.
शहाद्याला बियाण्याच्या कंपनीत लागली,
रोज चारशे दाणे ओल्या कागदावर मांडते,
किती उगवले ते मोजते, सही करते.
तिची सही आता माझ्यापेक्षा सुंदर आहे.

जायच्या आदल्या दिवशी गाडीवर मागे बसून मी विचारलं,
आपल्या दोघींत कंट्रोल कोणती गं?
एकीत टाकलं, एकीत नाही, असं मोजलं तर?
तिनं गिअर बदलला.
तुझ्यात टाकलं म्हणतेस? हसली.
पुढं बराच वेळ नुसती हवा.
मग म्हणाली, नमुने मी पाठवत जाईन,
पिशवीवर तारीख घालून. तू घालत नव्हतीस.

गिरासे मॅडमनी निरोपाला
जाड पुठ्ठ्याची कोरी वही दिली.
आत काही लिहिलं नाही. एरवी त्या
वहीच्या पहिल्या पानावर उद्देश लिहून द्यायच्या,
आम्ही खाली अधोरेखित करायचो.

दोंडाईचा मागे पडलं. भुसावळला गाडी बदलायची.
समोरचे काका तीनदा शिंकले, नाक पुसलं,
पिशवीत मिरची आहे का हो ताई?
नाही, म्हटलं.
जुनी वही आहे.